सुताराची पटाशी आणि संगणकाचे यंत्र

रत्नागिरीत घराचे दार, पलंगाची पाठ किंवा दिवाणखान्यातील जाळी करून घ्यायला येणारे गिऱ्हाईक आता मोबाईलवरचे चित्र पुढे करते आणि "अस्सेच पाहिजे" म्हणते. आखातातून रजेवर आलेला माणूस असेल तर परत जाण्याच्या आत दार बसलेले हवे! हाताने कोरायला जिथे दिवसचे दिवस जातात, ते काम सीएनसी राऊटर काही तासांत उरकतो. साहजिकच ऑर्डर यंत्रवाल्याकडे जाते आणि मुरलेला कारागीर बिजागऱ्या बसवण्यापुरता उरतो. हे टाळायचे तर कर्ज काढून यंत्र आणण्यापूर्वी त्याची रीत समजून घेतलेली बरी.

हे तंत्र तसे जुने आहे. अमेरिकेत हेलिकॉप्टरची पाती बनवणारे जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून आकड्यांच्या हुकमावर चालणारे मिलिंग यंत्र पुढे आले, आणि १९५२ साली एमआयटी या संस्थेने ते चालवून दाखवले. धातूसाठी निघालेली ही युक्ती पुढे लाकडावर आली. ८ बाय ४ फुटांचे प्लायवूड टेबलावर घट्ट बसवतात. वर मिनिटाला १८ ते २४ हजार फेरे घेणारे बिट उभे, आडवे आणि खाली-वर फिरते. संगणकावर आधी चित्र काढायचे, मग बिटाने कोणत्या वाटेने व किती खोल जायचे ते ठरवायचे. ती वाट जी-कोड नावाच्या आकड्यांच्या ओळींतून यंत्राला कळते.

पण यंत्राला लाकूड कळत नाही. फणसाची किंवा शिवणीची फळी ओली आहे की सुकी, हे ते विचारत नाही. ऐन पावसाळ्यात बिनचूक कापलेला तुकडा हिवाळ्यात आकसला तर दोष आपल्याच माथी येतो. दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. ६ मिलिमीटरचे बिट गोल फिरते, म्हणून खाचेच्या आतल्या कोपऱ्यात सुमारे एक सूत गोलाई राहते. चौकोनी कुसू तिथे बसत नाही. एक तर कोपरे पटाशीने साफ करावे लागतात, नाही तर चित्रातच कोपऱ्याला जास्तीचा गोल कान ठेवावा लागतो. १८ मिलिमीटरचे म्हणून घेतलेले प्लायवूडही मोजल्यावर अनेकदा थोडे कमी भरते. व्हर्नियरने मोजल्याशिवाय खाच काढू नये.

भावाचा हिशेबही वेगळा. समजा, एक फूट रुंद व दोन फूट लांब फळीवर उठावाची नक्षी आहे. शेवटचा हात बिट अर्धा मिलिमीटर सरकवत फिरवायचा, तर रुंदीत सुमारे ६०० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी दोन फुटांची, म्हणजे एकूण वाट जवळजवळ ३६० मीटर. मिनिटाला तीन मीटर वेग धरला तरी दोन तास, त्याआधीचा जाड हात वेगळा. उठावाचे काम साध्या जाळीच्या चौरस फुटाच्या भावाने घेणारा बुडतो. शिवाय बिटाच्या बारीक रेघा राहतात, त्या हातानेच पुसाव्या लागतात. १९१० च्या सुमारास बांधलेल्या थिबा राजवाड्याचे लाकडी काम डोळ्यांपुढे असलेल्या गावाला हा फरक लगेच दिसतो.

आपल्याकडे आयते किंवा कलमा लिहिलेल्या पाट्यांना मागणी असते. तिथे फार जपावे. आरपार कापताना सुटे भाग गळून पडतात, आणि अक्षरांचे नुक्ते सुटेच असतात. बे, ते, से ही अक्षरे फक्त नुक्त्यांवरून ओळखली जातात. लिपी न येणारा ऑपरेटर एखादा ठिपका "अडचण" म्हणून पुसून टाकतो. म्हणून नुक्ते मागच्या फळीवर चिकटवावेत किंवा बारीक पट्टीने जोडून घ्यावेत, आणि कापण्याआधी कागदावरची प्रत जाणकाराला दाखवावी.

सुरुवात कशी करावी? आमच्या मते पहिले वर्ष चित्र आपले, कापणी मजुरीवर दुसऱ्याची, जोडणी व पॉलिश पुन्हा आपले, असे चालवावे. घरातील शिकलेला मुलगा किंवा मुलगी चित्राची बाजू सहज सांभाळू शकते. नक्षीसाठी पुष्कळ कारखान्यांत वापरले जाणारे आर्टकॅम ऑटोडेस्क कंपनीने २०१८ मध्ये बंद केले. चोरट्या प्रतीच्या नादी लागण्यापेक्षा इंकस्केप आणि फ्रीकॅड ही मोफत मिळणारी साधने शिकावीत. चित्राची फाईल मात्र स्वतःकडे ठेवावी. ती यंत्रवाल्याकडेच राहिली तर पुढचे गिऱ्हाईकही तिकडेच जाते.

स्वतःचे यंत्र घ्यायची वेळ आली की विकणाऱ्याला दोन गोष्टी नक्की विचाराव्यात. मध्येच वीज गेली तर यंत्र थांबल्या जागेपासून पुढे कापते का? कोकणच्या पावसात हा प्रश्न रोजचा आहे. आणि भुसा ओढून घेण्याची सोय किमतीत धरली आहे का? एमडीएफचा बारीक भुसा फुप्फुसाला घातक असतो. रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लागतो.