वाइनच्या धंद्यात हात बायांचे, नाव कुणाचे?



ऊसविकासाच्या पानावर वाइनचे काय काम, असे कुणी विचारील. पण दिंडोरी-निफाडकडे ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना ठाऊक आहे, की एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी आली की सुरगाणा-पेठकडच्या टोळ्यांवाचून बागेचे पान हलत नाही. काडी विरळणे, वेल बांधणे, घडातले मणी कातरणे ही नजरेची कामे बहुतेक बायाच करतात. कोणती काडी ठेवायची हे त्यांना सांगावे लागत नाही. मालकालाच कधीकधी विचारावे लागते, ते सोडा!

आता वाइनचे बघू. नाशिकच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली निघाली. संस्थापक राजीव सामंत, नाव मात्र आईच्या सुलभा या नावावरून. २००१ साली राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण आले, विंचूरला वाइन पार्क झाले. २०१३ पासून दिंडोरीत ‘शाँदों’ ही फ्रेंच कंपनीही आहे. वाइनचे द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा निराळे. मणी बारीक हवा, कारण रंग आणि चव सालीत असते. म्हणून मणी फुगवण्यासाठी जी. ए. मध्ये घड बुडवण्याचे काम इथे नाही. तोड पहाटेच्या गारव्यात, हाताने होते आणि माल साखर बघून घेतात.

साखर मोजायचे यंत्र आपल्या ओळखीचेच आहे. उसाची पक्वता बघायला आम्ही जो हँड रिफ्रॅक्टोमीटर फडात नेतो, तोच. रसाचा ब्रिक्स २२ आला तर त्याला ०.५५ ने गुणा. साधारण १२ टक्के मद्यार्क होतो. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क करते, एवढेच त्यातले गुपित.

हे समजले की सुरगाण्याच्या मालाचा हिशेब मांडता येतो. बोरगाव-घोडांबेकडे सापुताऱ्याच्या रस्त्याला बाया स्ट्रॉबेरी विकतात. तिचा ब्रिक्स ७ ते ९. नुसत्या रसाची वाइन पातळ होणार, टिकणारही नाही. २० ब्रिक्स करायला लिटरमागे सुमारे दीडशे ग्रॅम साखर घालावी लागते (आपल्याच कारखान्याची घाला म्हणजे झाले). मधाचे उलट आहे. त्यात साखर ८० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एक किलो मधाला तीन किलो पाणी घातले की २० ब्रिक्स. अशी मधाची वाइन, म्हणजे ‘मीड’, करणारी ‘सेराना’ ही कंपनी नाशिकला योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनी उभारली. सेराना हे आपल्या सातेरी माशीचे शास्त्रीय नाव. ती झाडाच्या ढोलीत, वारुळात राहते आणि पेटीतही नांदते. आग्या पेटीत नांदत नाही. सातेरीच्या चार पेट्या घरामागे ठेवायला ना जमीन लागते, ना मोठे भांडवल. मात्र मध गाळून, ओलावा तपासून दिला तरच भाव मिळतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. परवान्याशिवाय घरी वाइन करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती मोहाची असो की मधाची. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. मध, फळ, रोपे विकायला तो लागत नाही. सुरुवात तिथूनच करावी. शिकलेल्या मुलीला वायनरीच्या प्रयोगशाळेत वाव आहे, परीक्षक म्हणूनही आहे. सोनल हॉलंड २०१६ साली ‘मास्टर ऑफ वाईन’ झाल्या, भारतातल्या पहिल्याच.

पण खरी अडचण कागदाची आहे. वायनरीचा करार जमीन ज्याच्या नावावर त्याच्याशी होतो. बँकेचे पीककर्ज सातबारा बघून मिळते. आपल्या कारखान्याचे सभासदत्वसुद्धा जमिनीशी बांधलेले. बाग राखणारीचे नाव यात कुठेच नसते. फ्रान्समध्ये क्लिको नावाच्या बाईंचा नवरा १८०५ साली वारला, तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. त्या काळच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र व्यवहार करता येत नसे, विधवेला येई. त्यांनी धंदा हाती घेतला आणि शॅम्पेनच्या बाटलीतला गाळ मानेशी आणायची फळी त्यांच्याच तळघरात निघाली. ‘व्हव क्लिको’, म्हणजे विधवा क्लिको, हे नाव अजून बाटलीवर आहे. आपल्याकडे त्यासाठी नवरा मरायची वाट बघायला नको, बरं का! ‘लक्ष्मी मुक्ती’ योजनेखाली पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबारावर लावता येते. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास यासाठी गावोगाव मोहीम केली होती.

अर्ज तलाठ्याकडे करायचा आहे. तो कसा लिहायचा हे गट ऑफिसला आमच्याकडे विचारावे. ऊस तपासणीच्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटर तिथेच असतो. घरच्या बायांनी येताना थोडी स्ट्रॉबेरी, जांभूळ, काय असेल ते आणावे; ब्रिक्स बघून देऊ.