घरांतील लांकूड : वाळवी आणि भुंगा यांपासून त्याचें रक्षण

२०२१ सालच्या जुलै महिन्यांत सावित्रीला महापूर आला व महाड शहरांत घरोघरीं पाणी शिरलें. पूर ओसरल्यावर लोकांनीं चिखल उपसला, भांडीं घांसलीं, अंथरुणें वाळत घातलीं. पाणी नदीच्या वाटेनें निघून गेलें. पण चौकटींत, कपाटांच्या पायांत आणि भिंतींत पुरलेल्या तुळयांच्या टोकांत जी ओल मुरली, ती लवकर निघत नाहीं. पुरानें केलेली हानि एका रात्रींत दिसते. ओलीनें केलेली हानि दिसावयास कधीं कधीं कित्येक वर्षें लागतात, आणि ती दिसते तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो.

महाड आणि पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं आहेत. येथें वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास, आणि घाटाच्या बाजूस त्याहूनही अधिक, पाऊस पडतो. जुन्या घरांची रचना बहुतेक एकाच धर्तीची : जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाचें जोतें, लांकडी खांब, त्यांवर तुळया, वर माळा आणि कौलारू छप्पर. कौलांचा सगळा भार वाशांवर व तुळयांवर. आणि त्या तुळयांखालीं घरांतील माणसें निजतात. म्हणून लांकडाची कीड हा केवळ पलंग-कपाटाच्या शोभेचा प्रश्न नव्हे.

लांकडाचे शत्रू मुख्यतः दोन. पहिला शत्रू वाळवी. हिला कोणी पांढरी मुंगी म्हणतात. पण मुंगीशीं तिचें नातें नाहीं. शास्त्रज्ञ तिला झुरळाच्या कुळांत घालतात. तिच्या वसाहतींत राजा, राणी, सैनिक आणि कामकरी असे वर्ग असतात. राणी जमिनीच्या पोटांत राहून रोज हजारों अंडीं घालूं शकते. लांकूड खाण्याचें काम कामकऱ्यांचें. हे जीव आंधळे व मऊ अंगाचे असल्यामुळें कोरडी हवा त्यांस सोसत नाहीं. म्हणूनच जमिनींतून लांकडाकडे जातांना ते मातीची बारीक नळी बांधून तिच्या आंतून ये-जा करतात. लांकडांतील काष्ठद्रव्य पचविणें कठीण असतें. कांहीं जातींच्या वाळवीच्या पोटांतील सूक्ष्म जीव तें पचवितात, तर कांहीं जाती वारुळांत बुरशीची जणूं शेतीच करून तिच्याकडून तें काम करवून घेतात. पावसाळ्यांत वारुळांवर उगवणारीं व कोंकणांत आवडीनें खाल्लीं जाणारीं अळंबीं याच शेतीचें फळ होय.

दुसरा शत्रू म्हणजे लांकूड पोखरणारा भुंगेरा. त्याला जमिनीची गरज नसते. मादी उडत येऊन लांकडाच्या उघड्या छिद्रांत अंडीं घालते. अंड्यांतून निघालेली अळी आंतल्या आंत लांकूड कुरतडीत कित्येक महिने काढते आणि पूर्ण वाढ झाल्यावर भुंगेरा होऊन बाहेर पडते. आपणांस जें बारीक, गोल छिद्र दिसतें तें किडीच्या शिरण्याचें नसून बाहेर पडण्याचें असतें. पिठासारखा भुगा पाडणाऱ्या भुंगेऱ्यांची मुख्य भूक लांकडांतील पिष्टाची असते. बांबूंत हें पिष्ट पुष्कळ असल्यामुळें बांबूला भुंगा लवकर लागतो. बांबू कांहीं आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवण्याची जुनी रीत याच कारणानें उपयोगी ठरते. पिष्ट पाण्यांत निघून जातें व भुंगेऱ्याला खाण्यासारखें फारसें उरत नाहीं. वाळवीपासून मात्र अशा बांबूचें रक्षण होत नाहीं.

मग शत्रू कोणता, हें ओळखावें कसें? भिंतीवर किंवा खांबावर मातीची नळी दिसली तर ती वाळवी. नळीचा बोटभर भाग मोडून ठेवावा; दोन-तीन दिवसांत तो पुन्हां बांधला गेला तर वसाहत जिवंत व कामावर आहे असें समजावें. छिद्रें दिसलीं तर आधीं भुगा पुसून घ्यावा व खालीं कागद पसरावा. नवा भुगा पडूं लागला तर अळी आंत आहे; न पडल्यास तीं छिद्रें बहुधा जुन्या काळचीं. तुळई स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनें ठोकून पाहावी. भरीव लांकूड खणखणीत वाजतें, पोखरलेलें बद्द वाजतें.

लांकूड निवडतांनाच निम्मी लढाई जिंकतां येते. सागाच्या गाभ्यांत कीटकांस न मानवणारीं द्रव्यें असतात. परंतु सालीलगतचा पांढरट थर सागाचा असला तरी कीड त्याला सोडीत नाहीं. सागाचें लांकूड म्हणून भारी किंमत देऊन आणलेल्या चौकटीला जेव्हां कीड लागते, तेव्हां बहुधा हाच पांढरा थर सुताराच्या नजरेंतून सुटलेला असतो. आंबा व सावर हीं लांकडें तर कीड पटकन खाते.

वाळवीच्या बंदोबस्ताचें पहिलें तत्त्व जुन्या गवंड्यांस ठाऊक होतें : माती व लांकूड यांची गांठ पडूं देऊं नये. खांबाखालीं दगडी तळखडा बसविण्यांत हाच शहाणपणा आहे. हा शहाणपणा पुष्कळदां आपणच फुकट घालवितों. पावसाळ्याचें सरपण पडवींत भिंतीला टेकून रचलें कीं वाळवीला जमिनीपासून वाशापर्यंत शिडी मिळते. जुन्या कागदांचे खोके जमिनीवर ठेवणें, गळकें कौल तसेंच राहूं देणें, न्हाणीघराच्या भिंतीची ओल दुर्लक्षिणें, हीं सगळीं तिला दिलेलीं आमंत्रणेंच होत.

औषधांचाही इतिहास मोठा आहे. कोंकणांत काजूच्या टरफलांचें तेल लांकडाला चोपडीत. तें गुणकारी खरें, पण कातडीला लागल्यास फोड येतात. म्हणून हातमोज्यांवांचून त्याला स्पर्श करूं नये. रॉकेलानें दिसणारी कीड मरते, पण तें उडून गेल्यावर रक्षण उरत नाहीं, आणि आगीचें भय मात्र वाढतें. १९३३ सालीं डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेशम् या भारतीय शास्त्रज्ञानें तांबें, क्रोमियम व सोमल यांचें मिश्रण तयार केलें. तें लांकडांत घट्ट बसतें, पावसानें सहज धुपत नाहीं. म्हणून खांबांसाठीं जगभर त्याचा प्रसार झाला. सोमल हें जहाल विष असल्यामुळें पुढें अमेरिकेंत २००३ सालाअखेर घरगुती कामांसाठीं त्याचा वापर थांबविण्यांत आला. असें औषध दिलेलें जुनें लांकूड पाणी तापविण्याच्या चुलींत कधींही जाळूं नये. त्याचा धूर व राख दोन्ही विषारी असतात. एके काळीं सर्रास वापरल्या जाणाऱ्या आल्ड्रिन, क्लोर्डेन व बी.एच.सी. यांवर भारतांत बंदी आहे. माळ्यावर एखादा जुना डबा सांपडला तर तो उघडून पाहण्याचा मोह टाळावा.

घरांतील कोरड्या लांकडासाठीं टाकणखार व बोरिक ॲसिड यांचें द्रावण हा सोपा उपाय आहे. दहा लिटर कोंबट पाण्यांत सहाशें ग्रॅम टाकणखार व चारशें ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवावें. लांकडाचा जुना रंग किंवा पॉलिश घांसून काढावें, कारण रंगाच्या थरांतून द्रावण आंत जात नाहीं. कापणें, रंधणें, भोंकें पाडणें हीं सर्व कामें आधीं उरकावीं. नाहींतर ताजा काप उघडा राहतो. मग ब्रशानें दोन-तीन हात द्यावे. लांकडाचीं टोकें व सांधे सर्वांत अधिक पितात, तेथें हात सैल सोडावा. पुरतें वाळल्यावर पॉलिश करावें. त्यानें औषध टिकतें आणि छिद्रें बुजल्यामुळें भुंगेऱ्याला अंडीं घालावयास जागा राहत नाहीं. हें औषध पावसानें धुपतें, म्हणून बाहेरच्या किंवा मातींत पुरावयाच्या लांकडास तें उपयोगाचें नाहीं. पोटांत गेल्यास तें अपायकारक असल्यानें पोळपाट, लाटणें, पाळणा यांना तें लावूं नये व द्रावण मुलांच्या हातीं पडूं देऊं नये.

वाळवी जमिनींतून येत असल्यास नुसत्या लांकडाच्या औषधानें भागत नाहीं. भिंत व जमीन यांच्या सांध्यांत भोंकें पाडून औषध भरावें लागतें. भारतीय मानक ६३१३ मध्यें त्याची पद्धत दिलेली आहे. तें काम परवानाधारक जाणत्याकडूनच करवावें, आणि परसांत विहीर असेल तर तें आधींच सांगावें, कारण मातींत गेलेलें विष पाण्यापर्यंत पोंचण्यास वेळ लागत नाहीं. तुळई आंतून पोकळ झाली असेल तर कोणतेंही औषध तिला पुन्हां बळ देऊं शकत नाहीं. आधीं खालून टेकू द्यावा, मग ती बदलावी.

उन्हाळा संपतां संपतां कौलें चाळण्यासाठीं माणसें छपरावर चढतात. त्याच दिवशीं घरच्या कोणीं तरी बॅटरी घेऊन माळ्यावर जावें, तुळयांचीं टोकें ठोकून पाहावीं, भिंतीकडची सरपणाची रास हातभर पुढें ओढावी. एवढें काम तासाभराचें आहे. छपराखालीं निजणाऱ्यांची पावसाळ्यांतील झोंप त्यावर अवलंबून असते.