धावताना येणारी ‘किक’: श्रेय एंडोर्फिनचं की ‘आनंद’चं?

पहिली दहा-पंधरा मिनिटं नकोशी होतात. धाप लागते, पोटऱ्या भरून येतात. मग कधीतरी पाय हलके होतात, दुखणं मागे पडतं, आणखी पळावंसं वाटतं. हाच ‘रनर्स हाय’. तो प्रत्येकाला येतो असं नाही आणि रोज तर नाहीच.

‘एंडोर्फिन रिलीज होतं’, हे त्याचं कारण जिमपासून रील्सपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतं. अडचण अशी की रक्तात वाढलेलं एंडोर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. मेंदू स्वतःचं एंडोर्फिन बनवतो, त्यामुळे वाद सुरूच राहिला.

जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या संशोधकांनी ६३ जणांना ४५ मिनिटं धावायला लावलं. काहींना आधी नॅल्ट्रेक्सोन दिलं, म्हणजे एंडोर्फिनचा परिणाम रोखणारं औषध. बाकीच्यांना नुसतीच खोटी गोळी. २०२१ मध्ये निकाल आला: औषध घेतलेल्यांनाही धावल्यावर तसंच मस्त वाटलं! रक्तात वाढले होते एंडोकॅनाबिनॉइड्स. गांजातला नशा आणणारा घटक मेंदूत जिथे काम करतो तिथेच हे काम करतात, फरक इतकाच की ते शरीर स्वतः बनवतं. त्यातल्या एकाचं नाव ‘आनंदामाइड’. १९९२ मध्ये जेरुसलेममधल्या संशोधकांनी ते आपल्या ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून ठेवलं.

आणि कानात दणदणीत रॉक असेल तर? गंमत म्हणजे कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात २०१७ च्या प्रयोगात त्याच नॅल्ट्रेक्सोनमुळे लोकांना स्वतःच्या आवडत्या गाण्यांचाही असर फिका वाटला. म्हणजे एंडोर्फिनचं श्रेय धावण्यापेक्षा गाण्याला द्यावं लागेल, असं दिसतं.

रॉकच्या ठाम ठेक्यावर पाऊल आपोआप पडतं. मध्यम वेगात लक्ष गाण्याकडे वळतं आणि दमणूक कमी जाणवते. कमी जाणवते, कमी होत नाही; हा फरक महत्त्वाचा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर गिटारचा सोलो ऐन रंगात असला तरी थांबायचं. अगदी जीव तोडून पळताना मात्र शरीराचा आरडाओरडा गाण्यापेक्षा मोठा होतो. तेव्हा गाणं थकवा लपवत नाही, फक्त सुसह्य करतं.

तरी त्याचा फायदा इतका धरला गेला की अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघटनेने २००७ मध्ये शर्यतींत हेडफोनवर बंदी घातली. सुरक्षितता हे एक कारण होतं. दुसरं, कुणाला गैरफायदा मिळू नये हे. पुढच्याच वर्षी हौशी धावपटूंसाठी ती सैल करावी लागली.