बीपीच्या गोळीसाठी दरवेळी डॉक्टरच हवेत का?

बीपीची गोळी संपली की तालुक्याला जायचं, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. मग 'पुढच्या बाजाराला आणू' म्हणत महिना निघून जातो. अर्धांगवायूच्या रुग्णाच्या घरच्यांना विचारलं की 'गोळी मधे बंद होती' हे उत्तर बरेचदा मिळतं. त्यातली काही घरं उपकेंद्रापासून हाकेच्या अंतरावर असतात.

2018 नंतर आपली उपकेंद्रं टप्प्याटप्प्याने 'आरोग्यवर्धिनी केंद्रं' झाली, आता पाटीवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असतं. तिथे आरोग्यसेविकेशिवाय समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ असतात. महाराष्ट्रात या पदावर बीएस्सी नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेली आणि सहा महिन्यांचं जादा प्रशिक्षण झालेली व्यक्ती असते. अमेरिकेत जादा शिकलेल्या नर्स रुग्ण तपासून स्वतः औषधही लिहून देतात. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचं पद हेच.

बीपी आणि शुगर तपासणं, तिशीनंतर सर्वांची तोंडाच्या कर्करोगासाठी आणि स्त्रियांची स्तनाच्या कर्करोगासाठी प्राथमिक तपासणी करणं ही त्यांची कामं. (तंबाखू खाणाऱ्यांनी तोंड दाखवायला लाजू नये.) आजाराचं निदान आणि कोणती गोळी हे प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर ठरवतात. त्यानंतर दर महिन्याची गोळी आणि तपासणी उपकेंद्रात होते. गरज पडल्यास सीएचओ ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी तुमचं बोलणं करून देतात.

'डॉक्टर नसलेल्यांनी काय तपासायचं?' असं काहीजण विचारतात. हा प्रश्न निदान नगर जिल्ह्यात तरी पडू नये. 1970 पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. ते काम बघायला जगभरातून लोक आले. सीएचओ तर पदवीधर आहेत.

बीपी वाढलेलं दिसलं तर त्या स्वतःच्या मनाने डोस बदलत नाहीत, डॉक्टरांकडे पाठवतात. 'सिस्टरांना काही येत नाही' म्हणून तेव्हा घरी परतू नका. पाठवणं हाही त्यांच्या कामाचाच भाग आहे. बीपी नॉर्मल आलं तरी गोळी चालू ठेवायची, कारण ते गोळीमुळेच नॉर्मल आहे.

खासगी दवाखान्यातल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. सरकारी पाकिटावर नुसतं 'अॅम्लोडिपिन' असतं, खासगी पाकिटावर कंपनीचं नाव ठळक. दोन्ही वेगळ्या समजून एकाच वेळी घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. बीपी उतरतं, चक्कर येते, पाय सुजतात. पाकिटं समोर ठेवली की सिस्टर दोन मिनिटांत सांगतील.

छातीत दुखून घाम येणं, तोंड वाकडं होणं, अचानक हात-पाय लुळे पडणं, यांत मात्र उपकेंद्र उघडायची वाट पाहायची नाही. 108 लावायचा, आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवायचं. रुग्णालयात पहिला प्रश्न तोच असतो.