तलावातली बाग कोणाच्या नावावर?

वांगी-टमाटरची वाडी आपण विहिरीजवळ करतो, परसात करतो. तलावाच्या पोटातही बाग लागते, हे सहसा सुचत नाही. आपल्या भागातल्या ढीवर बायांनी ते करून दाखवले आहे.

अर्जुनी मोरगाव तालुका आज गोंदियात असला तरी १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. तिथे मनीष राजनकर यांचे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ढीवरांसोबत मालगुजारी तलावांचे काम करते. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव १९५० च्या कायद्यानंतर सरकारकडे आले आणि गावाची नजर हटली. गाळ साचला, काठावर बेशरम माजली, पाण्याखालची वनस्पती गेली. तिच्याच आडोशाने वाढणारी मरळ, वाघूर, शिंगूर ही मासोळीही कमी झाली. रोहू-कटला साचल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. गावरान मासोळी मात्र तलावातच वाढते, फक्त तिला झाडोरा हवा.

बायांनी केले ते असे. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की बेशरम मुळासकट उपटायची. नुसती कापून टाकाल तर ओल्या मातीत तिचे तुकडेच फुटतात. मग उघडी पडलेली जमीन नांगरून मोकळी करायची. पावसाचे थोडे पाणी चढले की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेली हायड्रिला, व्हॅलिसनेरिया चिखलात हाताने लावायची. धानाची रोवणी करणाऱ्या हातांना हे काय शिकवायचे?

पण दोन गोष्टी सांभाळा. अशा तलावात गवत्या मासा सोडू नका, तो लावलेले सारे खाऊन टाकतो. आणि गाळ काढताना जेसीबीवाल्याला काठ सरळ उभा कापू देऊ नका. खोली वाढली म्हणून आपण खूश होतो, पण वनस्पती आणि अंडी उथळ उतारावरच टिकतात.

आता खरी अडचण. राबतात बाया, मासोळी टोपल्यात घेऊन दारोदार विकतात बाया, आणि मच्छीमार संस्थेच्या वहीत बहुतेक नावे पुरुषांची. ढीवर समाज भटक्या जमाती (ब) मध्ये मोडतो, पुष्कळ घरांना बांधीही नाही. तलावाची बैठक झाली की धानाला पाणी किती, एवढेच बोलले जाते. पाणी लागतेच, त्यात वाद नाही. पण तळाला शेवटचे थोडे पाणी न सोडले तर लावलेली बाग वाळते, हे तिथे सांगणार कोण?

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नियमित ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हा विषय घ्यावा. गाळ काढणे रोजगार हमीत बसते. संस्थेशी बोलून काठाचा एक पट्टा ढीवर बायांच्या बचत गटाला नेमून द्यावा. त्यात शिंगाडाही लावता येतो. पावसाळ्यात रोप सोडले की दिवाळीच्या सुमारास तोडणी सुरू होते. भुंगेरा पडला म्हणून औषध मात्र फवारू नका, मासोळी मरेल. बोलणी उन्हाळ्याआधीच उरका, आणि ठरावात गटाचे नाव, पट्ट्याची हद्द व मुदत स्पष्ट लिहून घ्या.