२.९ मिलिसेकंदांचा तानपुरा

ब्राउझरच्या एका टॅबमध्ये मी सी-साउंड ही आवाज घडवणारी संगणकप्रणाली उघडतो, वीसेक ओळी लिहितो, बटण दाबतो आणि काळी एकच्या पट्टीत तानपुरा झंकारू लागतो: पंचम, जोडीच्या दोन तारा, खर्ज. यामागे कुठलंही ध्वनिमुद्रण नाही. त्या ओळी वाचून ब्राउझर तिथल्या तिथे गणिताने स्वर घडवतो आहे.

जवारीचा भास यावा म्हणून मी दर तारेला ४० उपस्वर दिले. चार तारांचे झाले १६० तरंग. डिजिटल आवाजात सहसा एका सेकंदाचे ४४,१०० नमुने असतात, आणि दर नमुन्याला या १६० तरंगांची त्या क्षणाची उंची काढून बेरीज करावी लागते. म्हणजे सेकंदाला ७०,५६,००० उंच्या. तासाभराच्या रियाजाला २,५४० कोटी १६ लाख.

१९५७ साली अमेरिकेत बेल लॅब्जच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी ‘म्युझिक’ नावाचा प्रोग्राम लिहिला. न्यूमन गटमन यांनी त्यावर केलेली पहिली रचना १७ सेकंदांची होती. ज्या आयबीएम ७०४ वर ती घडली, ते यंत्र सेकंदाला फार तर १२,००० फ्लोटिंग पॉइंट बेरजा करायचं. माझ्या तानपुऱ्याच्या एका सेकंदासाठी नुसत्या बेरजांनाच त्याला ९ मिनिटं ४८ सेकंद लागली असती. तासाभराच्या रियाजासाठी रात्रंदिवस साडेचोवीस दिवस. सी-साउंड त्याच घराण्यातलं. मॅथ्यूज यांच्या परंपरेत बॅरी व्हर्को यांनी एमआयटीत १९८६ च्या सुमारास ते सी भाषेत लिहिलं आणि नावातला ‘सी’ तिथूनच आला.

पण मला थक्क करतो तो वेग नव्हे, वेळेवर हजर राहणं. ब्राउझर आवाज मागतो तो १२८ नमुन्यांच्या हप्त्याने. एक हप्ता २.९ मिलिसेकंदांत वाजून संपतो. तेवढ्या अवधीत हवेतला आवाज जेमतेम एक मीटर जातो, गवयापासून शेजारी बसलेल्या तानपुरेवाल्यापर्यंत. तेवढ्यात २०,४८० उंच्या काढून पुढचा हप्ता तयार हवा. सेकंदाला असं ३४४ वेळा. चित्र उशिरा उमटलं तर आपण थांबतो. स्पीकर थांबत नाही. हप्ता चुकला की ‘टक्’ ऐकू येतं. सरासरी वेग कितीही चांगला असला तरी कानाला त्याचं काही देणंघेणं नसतं.

आणि हे सगळं ब्राउझरमध्ये, जो मुळात पानं दाखवायला बनला! पूर्वी आवाजाची आकडेमोड पानाच्या इतर कामांच्याच रांगेत उभी असायची. कुणी पान सरकवलं की आवाज अडखळायचा. म्हणून ४,०९६ नमुन्यांचे मोठे हप्ते घ्यायचे, म्हणजे निदान ९३ मिलिसेकंदांचा उशीर. तबल्याबरोबर एवढ्या उशिराने लय सांभाळून पाहा. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत वेबअसेम्ब्ली आली आणि सी भाषेतलं जुनं इंजिन जवळजवळ यंत्राच्याच वेगाने चालू लागलं. २०१८ मध्ये क्रोमने ऑडिओ वर्कलेट आणलं आणि आवाजाला स्वतःची वेगळी वाट मिळाली. वेबअसेम्ब्लीतल्या सी-साउंडची स्मृतीही स्वतःची, त्यामुळे तिथे जावास्क्रिप्ट वापरून झालेली स्मृती मोकळी करायला अधूनमधून करते त्या सफाईची वाट पाहावी लागत नाही. ती सफाई या वाटेवर १० मिलिसेकंद जरी अडून बसली, तरी तीन हप्ते बुडाले.

एक बारकावा मला फार आवडतो. सी-साउंडही आतून हप्त्यानेच मोजतं आणि आपण काही सांगितलं नाही तर तो हप्ता १० नमुन्यांचा. १२८ ला १० ने भाग जात नाही! बारा फेऱ्यांत १२० होतात, ८ कमी पडतात. तेराव्या फेरीत २ उरतात, ते पुढच्या खेपेसाठी जपून ठेवायचे. मी हप्ता ३२ चा केला की चार फेऱ्यांत हिशेब चोख बसतो.

तासाभराच्या रियाजात असे १२,४०,३१२ हप्ते येतात. डोळे मिटून षड्ज लावलेला असताना त्यातला एकही चुकला, तरी कान उघडा असतोच.