घरच्या घरी पीसीबी: इस्त्री, फेरिक क्लोराइड आणि उरलेलं पाणी

या भागात हात काळे-पिवळे करणारा विषय आहे. प्रोजेक्ट सबमिशन चार दिवसांवर आलंय, ब्रेडबोर्डवरच्या वायरी हात लावला की सुटतात आणि ऑनलाइन ऑर्डर केलेला बोर्ड वेळेत येणार नाही, अशा वेळी घरीच पीसीबी बनवता येतो का, असं तुमच्यापैकी अनेक जण विचारता. येतो, आणि एका संध्याकाळीत येतो. पण शेवटी टबात जे पाणी उरतं त्याचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा भाग शेवटपर्यंत ऐका. वाचत असाल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी थोडं मूळ

पीसीबी म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड. यातला 'प्रिंटेड' शब्द अगदी खरा आहे. व्हिएन्नात जन्मलेला पॉल आइस्लर हा इंजिनिअर 1936 मध्ये लंडनला आला आणि छपाईच्या तंत्रातून त्याला ही कल्पना सुचली. वायरी एकेक जोडत बसण्यापेक्षा तांब्याच्या पातळ पत्र्यावर नकाशा छापायचा आणि नको असलेलं तांबं काढून टाकायचं. पेटंटसाठी त्याने 1943 मध्ये अर्ज केला. आपण घरी जे करतो ते तत्त्व हेच आहे. आपण तांबं चढवत नाही, फक्त नको तिथलं काढतो.

सामान

पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर तुमच्या गावातलं स्पेअर पार्टचं दुकान. 'सिंगल साइड कॉपर क्लॅड' मागा. तपकिरी रंगाचा बोर्ड स्वस्त असतो आणि त्याला भोकं सहज पडतात. ग्लास इपॉक्सीचा, म्हणजे एफआर-4, जास्त मजबूत असतो. त्याची जाडी साधारण 1.6 मिलिमीटर असते, आणि त्यावरचं तांबं फक्त 35 मायक्रॉन. याशिवाय फेरिक क्लोराइड, 0.8 आणि 1 मिलिमीटरचे ड्रिल बिट, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल.

नकाशा बोर्डवर कसा उतरवायचा

सर्किट लहान असेल तर परमनंट मार्करने थेट तांब्यावर काढा. रेषा 1 मिलिमीटरपेक्षा जाड ठेवा आणि वाळल्यावर दुसरा हात मारा. फक्त एक लक्षात ठेवा: पार्ट वरून बसतात आणि तांबं खाली असतं. त्यामुळे वरून पाहिलेला नकाशा तांब्यावर आरशातल्यासारखा उलटा काढावा लागतो. हे विसरलं की आयसीच्या पिना उलट्या बाजूला जातात.

आयसीच्या पिनांमध्ये अंतर असतं 2.54 मिलिमीटर. तिथे मार्कर गडबडतो, म्हणून टोनर ट्रान्सफर. लेझर प्रिंटरची शाई म्हणजे खरं तर प्लास्टिकची पूड. ती उष्णतेने मऊ होते आणि कागदाला चिकटते. पुन्हा तापवली की कागद सोडून तांब्याला चिकटते. झेरॉक्सच्या दुकानातली प्रिंट चालते, कारण तिथेही टोनरच असतो. घरचा इंकजेट चालत नाही. कागद मासिकाचा गुळगुळीत घ्या. इंकजेटचा फोटो पेपर लेझर प्रिंटरमध्ये घालू नका, त्याचा प्लास्टिकचा थर आत वितळू शकतो.

सॉफ्टवेअरमध्ये खालचा लेअर 'बोर्डमधून आरपार पाहिल्यासारखा' दिसतो, म्हणून तो मिरर न करता छापायचा. खात्री करायची सोपी युक्ती: त्या लेअरवर तुमचं नाव टाका. ते कागदावर उलटं आणि तांब्यावर सुलट यायला हवं.

बोर्ड बारीक पॉलिश पेपरने घासा, भांड्याच्या साबणाने धुवा आणि मग बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा असला की टोनर धरत नाही. कागद पालथा ठेवून कॉटनवर लावलेल्या इस्त्रीने, वाफ बंद ठेवून, चारेक मिनिटं दाबा. कडांना विसरू नका. थंड झाल्यावर बोर्ड पाण्यात भिजवा. कागद ओढू नका, बोटाने चोळून लगदा काढा. रेषा तुटली असेल तर मार्करने जोडा.

एचिंग

प्लास्टिकचाच टब घ्या. स्टीलचं भांडं नको, फेरिक क्लोराइड तेही खातं. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी पावडर. उलटं करू नका, कारण ती विरघळताना चांगलीच तापते. खिडकी उघडी ठेवा आणि जुने कपडे घाला, डाग जात नाहीत. बोर्ड टाकून टब हळूहळू हलवत राहा, म्हणजे तांब्याला ताजं द्रावण मिळतं. कोमट द्रावणात काम लवकर होतं, पण गॅसवर तापवू नका. टब गरम पाण्याच्या परातीत ठेवला तरी पुरे. दर दोन मिनिटांनी बघा. उघडं तांबं गेलं की लगेच बाहेर काढा, नाहीतर द्रावण टोनरच्या खालून शिरून रेषाच कुरतडतं.

मग बोर्ड धुवा, नेलपॉलिश रिमूव्हरने टोनर पुसा, भोकं पाडा. एफआर-4 ची धूळ म्हणजे काचेचे तंतू, म्हणून मास्क लावा. सोल्डरिंगच्या आधी मल्टिमीटरच्या बीपवर प्रत्येक ट्रॅक तपासा. शेजारच्या दोन ट्रॅकमध्ये बीप वाजली तर मधलं तांबं कटरने खरवडा.

आता ते उरलेलं पाणी

जरा हिशोब करू. 10 बाय 10 सेंटिमीटरच्या बोर्डवर 35 मायक्रॉन तांबं म्हणजे साधारण 3 ग्रॅम. त्यातलं निम्मं विरघळलं, तर दीड ग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची कमाल मर्यादा आहे लिटरला 1.5 मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या एका बोर्डचं तांबं हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरेसं आहे. गच्चीवरची एक अख्खी टाकी! मासे आणि शेवाळ तर माणसापेक्षा कितीतरी कमी तांब्याने मरतात. आणि वर्गात साठ जण असतील तर?

म्हणून बेसिनमध्ये ओतायचं नाही, झाडाला तर नाहीच. हे द्रावण पुन्हा पुन्हा वापरता येतं. प्लास्टिकच्या बाटलीत भरा, मोठ्या अक्षरात 'विष, फेरिक क्लोराइड' लिहा आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. थंड्याची बाटली नको, कोणीतरी पिईल. एचिंग फारच हळू व्हायला लागलं की द्रावण संपलं. मग ते कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबला विचारून तिथे द्या, किंवा घरगुती घातक कचरा म्हणून पालिकेच्या व्यवस्थेत द्या. 2016 च्या घनकचरा नियमांत असा कचरा वेगळा ठेवायला सांगितलेलं होतं. वर्गातल्या सगळ्यांनी मिळून एकच टब वापरला तर उरणारं पाणीही कमी.

मग करायचं की नाही?

दोन बाजूंचा बोर्ड, बारीक एसएमडी पार्ट किंवा दहा नग हवे असतील तर बाहेरून करून घ्या. आणि घरच्या बोर्डवर 230 व्होल्ट कधीच आणू नका. बॅटरी किंवा मोबाईल चार्जरच्या 5 व्होल्टपर्यंतच थांबा. पण एकच नग हवाय, तोही आजच, तर घरचा बोर्ड भारी. ट्रॅक कुठून न्यायचा, ग्राउंड कुठे जाड ठेवायचं, हे एकदा हाताने केलं की पुढे सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन करताना आपोआप सुचतं.

तुमच्या कॉलेजमध्ये वापरलेलं फेरिक क्लोराइड कुठे जातं? या आठवड्यात लॅबमध्ये विचारा आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, हातमोजे घाला!